हिंमत दुकानात भेटते का?

नागभीड तालुक्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. नाव-गाव गाळून, त्यांच्याच शब्दांत पण थोडक्यात देते.

“ताई, नमस्कार. माझं वय ३४. गाव जंगलाला लागून आहे, २ एकर धानाची बांदी आहे. मार्च महिन्यात पहाटे मी आणि माझी मोठी जाऊ मोहफुलं वेचायला गेलो होतो. दोघींचे मोह जवळजवळच. मी माझ्या झाडाखाली, ती तिच्या. वाघानं तिला नेलं. मी ओरडली, पण आवाज निघाला की नाही तेही मले आठवत नाही. तेव्हापासून मी वावरात पाय ठेवला नाही. रोवण्याला गेली नाही, निंदणाला गेली नाही. आता धान पिकत आलं, डुकरं येतात म्हणून आमचे हे रोज रात्री जागलीला जातात आणि मी रात्रभर दाराकडे पाहत बसते. मुलगी आठवीत आहे, शाळेतून यायला उशीर झाला की माझे हातपाय गार पडतात. सासू म्हणते, गेली ती गेली, तू किती दिवस बसून खाशील? बाकी सगळे म्हणतात हिंमत ठेव. हिंमत काय दुकानात भेटते का? देवापुढं दिवा लावणंही सोडलं. जाऊ रोज दिवा लावत होती, तिचं काय झालं? तिची टोपली अजून आमच्या ओसरीवर आहे, तिले कोणी हात लावत नाही. तिची दोन लेकरं माझ्याच हातचं जेवतात, पण त्यांच्या आईबद्दल मी त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मी भित्री आहे का? आणि यांना जागलीला जाऊ देऊ की नको?”

ताई, तुम्ही भित्र्या नाही. हे आधी सांगून टाकते, कारण पत्र वाचताना मला वाटलं की या एका प्रश्नानं तुम्हाला वाघापेक्षा जास्त पोखरलंय.

तुमची भीती मनाचा खेळ नाही. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले आणि त्यांतला मोठा वाटा आपल्या चंद्रपूर जिल्ह्याचा. तुमच्या ब्रह्मपुरी-नागभीड-सिंदेवाहीच्या पट्ट्यातले पुष्कळ वाघ ताडोबाच्या हद्दीत राहत नाहीत, ते तुमच्या-आमच्या शिवारालगतच राहतात. मे २०२५ मध्ये तेंदूपानं तोडायच्या हंगामात सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तीन बाया गेल्या. अशा मुलखात राहणाऱ्या बाईला पहाटेच्या अंधारात जंगलाकडे पाहून काहीच वाटलं नाही, तर मी म्हणेन तिचंच काहीतरी बिघडलंय.

आता त्या आवाजाबद्दल. अचानक असं काही डोळ्यांपुढं घडलं की घसा बंद होतो, पाय जागीच खिळतात. पुढं कित्येक महिने मन तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवत राहतं आणि विचारतं, तू काय केलंस? वाघ शक्यतो माणसाला टाळतो, उभा माणूस त्याच्या सावजासारखा दिसत नाही. वाकून वेचणारी किंवा उकिडवी बसलेली बाई मात्र मागून त्याला चार पायांच्या जनावरासारखी वाटू शकते, असं वन्यजीवांचे अभ्यासक सांगत आलेत. तो मागून येतो आणि काही क्षणांत सगळं होतं. तुम्हीही तेव्हा वाकलेल्याच होतात. त्या पहाटे दोन झाडांपैकी तो कुठल्या झाडाकडे वळला, यात तुमचा काही दोष नव्हता आणि तिचाही नव्हता.

“हिंमत ठेव” म्हणणाऱ्यांवर तुम्ही चिडलात ते मला आवडलं. रस्त्यानं जाता जाता हे म्हणायला काही लागत नाही. म्हणणारा आपल्या घरी जातो आणि ठेवायची जबाबदारी तुमच्यावर टाकून जातो. जी बाई “चल, मी येते तुझ्यासोबत, शेताच्या पांदणीपर्यंत जाऊन येऊ” असं म्हणेल, ती खरी हिंमत देते. तुमची चार पानं मी दोनदा वाचली. त्यांत सासू आहे, नवरा आहे, लेकरं आहेत, सल्ला देणारे शेजारी आहेत. पण जिच्यापाशी बसून हे सगळं तुम्ही तोंडानं बोललात, अशी एकही बाई त्यांत नाही. मार्चपासून आतापर्यंत तुम्ही हे ओझं एकट्या वाहताय, आणि वर स्वतःलाच विचारताय की माझ्यात बळ का नाही.

तर दुकानाचं उत्तर असं आहे, ताई. दुकानात भेटत नाही, पण शेजारी उसनी भेटते. उसनं साखर-तेल मागायला आपल्याला लाज वाटत नाही. ही मागायला वाटते, कारण घरोघर असं ठसवलंय की धीर म्हणजे आतून, आपोआप, एकटीनं काढायची वस्तू. मला हे कधी पटलं नाही. गावात जगण्याची रीतच तशी नाही. रोवणा काय एकटी बाई करते? सगळ्या एका ओळीत वाकतात, कोणी मागं पडली तर शेजारीण तिची पात ओढून घेते, आणि गाणं एकीनं उचललं की बाकीच्या आपसूक धरतात. यंदा तुम्ही त्या ओळीत नव्हता. गावातल्या बायांना ते दिसलं असणार, फक्त विषय कसा काढावा हे त्यांनाही कळलं नसेल. मेलेल्या माणसाच्या घरी बोलायचं काय, याची धास्ती बहुतेकांना असते. विषय तुम्हीच काढा.

गावात तुमच्या बचत गटातली असेल, आशाताई असेल, माहेरच्या गावची कोणी असेल. फार बोलकी नसलेली, पण ऐकून घेणारी एक निवडा. तिला घरी बोलवा आणि त्या पहाटेचं सुरुवातीपासून सांगा. तुम्हाला काय दिसलं, काय ऐकू आलं, काय नाही आठवत, सगळं. रडू आलं तर येऊ द्या. मग तिला आणि आणखी एकीला घेऊन सकाळी दहाच्या उन्हात पांदणीच्या तोंडापर्यंत जा. काम करायचं नाही, विळा घ्यायचा नाही. उभं राहायचं, दोन गोष्टी बोलायच्या, परत यायचं. छाती धडधडेल, तळहात ओले होतील. होऊ द्या, थोडा वेळ थांबलं की ते हळूहळू उतरतं, आणि हे उतरणं शरीराला स्वतः अनुभवावं लागतं, सांगून पटत नाही. दोन-चार दिवसांनी पहिल्या धुऱ्यापर्यंत, मग तुमच्या बांदीपर्यंत. कापणीला तुम्ही पोचाल की नाही हे मी सांगू शकत नाही. यंदा नाही पोचलात तरी काही बिघडत नाही, घरी धानाचं काम काही कमी नसतं.

आणि हे नुसतं मन घट्ट करायचं काम नाही. सोबत खरोखरच जीव वाचवते. दिवस चांगला वर आल्याशिवाय आणि सूर्य कलल्यावर रानात थांबायचं नाही. चार-पाच जणींपेक्षा कमी असू नये. सगळ्यांनी एकदम वाकायचं नाही, एकीनं काठी घेऊन उभं राहून चारी बाजूंना पाहत राहायचं आणि पाळीपाळीनं बदलायचं. मोठ्यानं बोलत राहायचं. तुमच्या गावात वन विभागाचं प्राथमिक प्रतिसाद दल असेल तर त्यातल्या पोरांचे नंबर घरोघर लिहून ठेवा. नसेल तर ग्रामसभेत विषय काढा. वन विभागाची १९२६ ही मोफत हेल्पलाइन आहे, पण खरं सांगायचं तर बीटच्या गार्डचा, म्हणजे तुमच्या भागातल्या वनरक्षकाचा, नंबर जास्त कामी येतो. कापणीच्या दिवसांत गस्त मागून घ्या. एकटीनं मागितली तर उद्या पाहू म्हणतील, पंचवीस बाया राऊंड ऑफिससमोर उभ्या राहिल्या की उद्याची आज होते. मोहाचा प्रश्न वेगळा आहे. ज्याचं झाड त्यानं वेचायचं, म्हणून प्रत्येक बाई आपापल्या झाडाखाली पहाटे एकटी वाकलेली असते. ही जुनी रीत बदलून दोन-तीन घरांनी मिळून एकेक झाड वेचता येईल का आणि फुलं वाटून घेता येतील का, हे मार्चच्या आधी गावानं बसून ठरवायला हवं. हा विषय मांडायला तुमच्याइतका हक्क कोणाला नाही. पण आज नाही, तुमच्यानं होईल तेव्हा.

तुमच्या शेजारच्या चिमूरची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, शहीद स्मारकापुरती तरी. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. ‘छोडो भारत’च्या आंदोलनात गाव उठलं, मग इंग्रजांचं सैन्य आलं. पुरुष पकडून नेले, घरात बाया-लेकरं उरली आणि सैनिकांनी त्या बायांवर अत्याचार केले. त्या दिवसांत कोण कोणाशी बोलणार? बोललं तर अब्रू जाते आणि वर पुन्हा पोलीस येतो. नागपूरहून काही स्त्रिया तिथं पोचल्या, घरात बसल्या, ऐकत राहिल्या, तेव्हा चिमूरच्या बायांनी तोंड उघडलं. गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी चौकशीच्या मागणीसाठी ६३ दिवस उपाशी राहिले. त्याच उठावात फाशीची शिक्षा झालेल्या आष्टी-चिमूरच्या माणसांसाठी नागपूरच्या काँग्रेस नेत्या अनसूयाबाई काळे झगडल्या आणि त्यांची फाशी टळली. शाळेत आपण क्रांती शिकतो, मिरवणूक आणि घोषणा शिकतो. मला त्यात सगळ्यांत मोठी वाटते ती परक्या घराच्या चुलीजवळ जाऊन बसलेली बाई, आणि तिच्यावर विश्वास टाकून पहिलं वाक्य बोललेली दुसरी बाई.

आता दिव्याचं. जाऊ रोज दिवा लावायची, तरी असं का झालं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे आहे असं तो म्हणतो त्याच्यापासून जरा लांबच राहा. गावात कुजबुज झालीच असेल की काही विटाळ झाला, वाघदेवाला नारळ दिला नाही, घरात काही खोट आहे. एखादा भगत पाच हजारांत उतारा करून द्यायलाही तयार असेल. त्याला ओसरीवरूनच परत पाठवा. आपल्याकडचा ताडोबा देव कोण, तर वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख तारू, अशीच लोकांची श्रद्धा आहे. पौषात ताडोबाच्या तळ्याकाठी त्याची यात्रा भरते. वाघानं मेलेल्या माणसाला आपल्या आजोबा-पणजोबांनी पापी ठरवलं नाही, देव करून पूजलं. तुमच्या जावेकडे बोट दाखवणाऱ्याला एवढं ऐकवलंत तरी पुरे.

दिवा लावायची जबरदस्ती स्वतःवर करू नका. देवावर रागावलेला माणूस देवाला सोडून गेलेला नसतो, उलट भांडायला तरी तो समोर लागतोच. आणि ज्याला एकट्यानं देवापुढं उभं राहवत नाही, त्याच्यासाठी आपल्या भागात एक फार शहाणी सोय आहे. तुकडोजी महाराज तुमच्याच बाजूच्या गोंदोड्याच्या रानात राहिलेले. एकांताची साधना त्यांनी केली, पण लोकांना शिकवली ती सामुदायिक प्रार्थना. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळात संध्याकाळी सतरंजीवर सगळे एकत्र बसतात, खंजिरी वाजते, आणि तुम्ही ओठ हलवले की नाही हे कोणी तपासत नाही. मोझरीला, महाराजांच्या आश्रमात, दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं जिथल्या तिथं हात जोडून उभी राहतात. मौन श्रद्धांजली. कोणी काही मागत नाही, बोलत नाही. ज्या बाईकडे सध्या देवाला म्हणायला एकही शब्द नाही, तिला त्या गर्दीत जागा आहे. तुमच्या गावात मंडळ असेल तर आठवड्यातून एकदा जाऊन मागं बसा. बाकीच्यांची प्रार्थना चालू असताना तुमची बंद राहिली तरी चालते. काहींना तिथं देव परत भेटतो. काहींना शेजारी बसलेल्या माणसांवरचा विश्वास परत मिळतो आणि त्यांचं तेवढ्यावर भागतं.

लेकरांशी बोला, ताई. हे मी विनंती म्हणून नाही, जरा जोर देऊन सांगते. मोठी माणसं एखाद्या गोष्टीवर गप्प झाली की लेकरांना वाटतं की ती गोष्ट इतकी भयंकर आहे की मोठ्यांनाही झेपत नाही, आणि मग ती एकटीच घाबरत राहतात. फार काही सांगायचं नाही. “तुझी आई कढीत जास्त मिरची घालायची, नाही का?” एवढ्यावरून सुरुवात होते. तुम्ही रडलात तरी हरकत नाही. काकूही रडते म्हणजे आपण रडलो तर चालतं, हे त्यांना कळेल. त्या टोपलीचं काय करायचं ते त्यांना आणि तुमच्या भासऱ्यांना, म्हणजे जावेच्या नवऱ्याला, विचारून ठरवा. ठेवायची असेल तर ठेवा, पण घरातल्या प्रत्येकानं वळसा घालून जावं अशा जागी नको. आणि तुम्ही स्वतःला भित्री म्हणताय त्या काळातच तुम्ही दोन पोरक्या लेकरांना रोज दोन वेळा जेवू घालताय, हे तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलं. तुम्हाला ते मोजण्यासारखं वाटलं नाही. मला वाटलं.

कागदपत्रांचं थोडं बोलते, कारण दुःखात हे राहून जातं. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. काही रक्कम लगेच आणि उरलेली मुदत ठेवीत. त्यात काही अडलं असेल तर भासऱ्यांनी रेंज ऑफिसात जाऊन फाइल कुठं आहे ते विचारावं, सोबत सरपंच किंवा पोलीस पाटील असावेत. पैसा आल्याबरोबर येणारे पाहुणे वेगळे असतात, लेकरांच्या नावाची ठेव मोडू नका. आई किंवा बाप गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दर मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. चंद्रपूरच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा, अंगणवाडीताई अर्जाला मदत करतील.

झोपेबद्दल डॉक्टरांशी बोला. इतके महिने रात्र-रात्र जागं राहणं, तेच दृश्य डोळ्यांपुढं येणं, आवाजानं दचकणं, यावर उपचार आहेत. नुसतं अंगारा-धुपाऱ्यावर किंवा “वेळ सगळं बरं करते” यावर सोडू नका. चंद्रपूरच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. तोवर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. फोन करताना नाव सांगावंसं वाटलं नाही तर सांगू नका.

सासूबाईंवर फार रागावू नका. ज्या बाईनं सून गमावली आणि जी “गेली ती गेली” म्हणते, ती बहुतेक स्वतःलाच तसं समजावत असते. तुम्ही मैत्रिणीला बोलवाल तेव्हा चहाला त्यांनाही बसवा. कदाचित उठून जातील, कदाचित बसतील.

राहता राहिली जागल. धान हातचं जाऊ देणं दोन एकरवाल्याला परवडत नाही, हे मला कळतं, म्हणून जाऊ देऊ नका असं मी म्हणणार नाही. एकट्याला जाऊ देऊ नका. लागून असलेल्या बांद्यांच्या दोन-तीन घरांनी मिळून एकच माळा करावा, उंच आणि मजबूत, झाडोऱ्यापासून लांब. माळ्यावरून रात्री एकट्यानं खाली उतरायचं नाही, लघवीलासुद्धा नाही. टॉर्च, फटाके, मोबाईल चार्ज. पाळ्या लावल्या तर तुमच्या यांना रोज जागावं लागणार नाही. डुकरांसाठी कोणी वायरमध्ये करंट सोडायची गोष्ट काढली तर साफ नाही म्हणा. तो गुन्हा तर आहेच, आणि त्या तारेला रात्री डुकराआधी माणूस लागतो. वन विभागाकडून सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं, त्याची चौकशी ग्रामपंचायतीत करून ठेवा. डुकरांनी केलेल्या नुकसानीचा अर्ज त्याच दिवशी फोटोसह टाका, उशीर झाला की नाकारायला कारण मिळतं.

हे तुम्ही यांना सांगाल आणि ते म्हणतील, “इतकी वर्षं जातो, मले काय होते?” तर वाद घालत बसू नका. शेजारच्या बांदीवाल्याच्या बायकोला गाठा. तिचाही नवरा जागलीला जातो, म्हणजे रात्री तीही जागीच असते. दोघींनी मिळून दोघांना सांगा. तिचा नंबर तुमच्याकडे नसेल तर आजच घ्या.